मेट्रोपासून तीनशे चाळीस पावलं

रविवार, १७ जानेवारी २०२१

काल अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. त्याआधी वाटणीचं नाव काढायचं नाही असं मीच सगळ्यांना बजावलं होतं, म्हणून आज मीच काढलं. ओझरच्या विमान कारखान्यात पस्तीस वर्षं घासून अण्णांनी दोन वस्तू मागे ठेवल्या. एक मखमलाबादचं बैठं घर, दहा गुंठे मोकळ्या जमिनीसकट. त्यात मी आणि सुवर्णा राहतो. दुसरी म्हणजे सातपूर रस्त्याजवळचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यात धाकटा भाऊ बहिरू, त्याची बायको कलाबाई आणि त्यांची मुलगी. बहिरूचं वर्कशॉप तिथून सायकलने दहा मिनिटं, मुलीची शाळा त्याहून जवळ.

आमच्याकडची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याच्या मनात पाप येत नाही. माझ्या मनात ते तसंही येत नाही. वाटे दोनच, तेही अण्णांनी पाडून ठेवलेले. बहिरू फ्लॅट उचलेल, मी आहे तिथे राहीन. होळीच्या आत उरकायचं ठरलं. अंबडच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटी तपासण्यात गेली, त्यामुळे असं काही जागच्या जागी बसलेलं दिसलं की मला बरं वाटतं.

सोमवार, १ फेब्रुवारी

बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रोचं नाव आलं! मी टीव्हीसमोर उठून उभा राहिलो. सुवर्णाने स्वयंपाकघरातून विचारलं, "राष्ट्रगीत लागलंय का?" तिला सांगितलं की ही साधी मेट्रो नाही, टायरवर चालणारी आहे. ती म्हणाली, "मग ती बसच की हो." हिला विकासाची दृष्टीच नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

पेपरात नकाशा आला. भिंग घेऊन बघितला. माझ्या हिशेबाने एक ठिपका बरोबर फ्लॅटजवळच्या चौकावर पडतो.

कंपनीतून सुटल्यावर तडक तिथे गेलो आणि चौकापासून बिल्डिंगच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. तीनशे चाळीस. परत जाऊन पुन्हा मोजली तर तीनशे बेचाळीस भरली. मी तीनशे चाळीसच धरली, कारण मास्कमुळे दुसऱ्या वेळी चष्म्यावर वाफ आली होती. फाटकात बहिरूच्या समोरच्या दारातले निसारभाई भेटले. त्यांचं मेन रोडला कापडाचं दुकान आहे. "दादा, क्या गिन रहे हो?" डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणालो.

आमच्या कंपनीबाहेर चहाच्या टपरीवर रविराज नावाचा एजंट बसतो. जागा, फ्लॅट, प्लॉट असं सगळं करतो. त्याला दुपारच्या सुट्टीतच सहज म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, मेट्रो टच म्हटलं की गिऱ्हाईक पंखा चालतो का तेसुद्धा बघत नाही. खांब दिसू द्या, भाव दीडपट. गाडी धावू द्या, दुप्पट." मखमलाबादचं विचारलं तर त्याने चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "तिकडे कोण जाणार? कोथिंबीर घ्यायला?"

आता पंचाईत अशी की आधी बहिरू उचलणार.

बुधवार, ३ फेब्रुवारी

रात्री विचार केला. रीत मोडायची नाही. मी त्याला अमुकच उचल असं सांगणार नाही. फक्त दोन्ही वाट्यांचे गुणदोष मोकळेपणाने त्याच्यासमोर मांडायचे. थोरल्या भावाचं ते कर्तव्यच आहे. आमच्या खात्यातसुद्धा माल पास करण्याआधी दोष लिहावेच लागतात.

सुवर्णाला काही सांगितलेलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही आणि ही तर कलाबाईशी रोज फोनवर बोलते.

रविवार, ७ फेब्रुवारी

फ्लॅटवर जेवायला गेलो. लिफ्टमधून बाहेर पडताच सुरुवात केली. म्हटलं, "बहिरू, ही लिफ्ट खडखडते रे. उद्या बंद पडली म्हणजे?"

"तीन वर्षांत एकदा नाय पडली, दादा."

"मग आता पडायची वेळ झालीच."

जेवताना पाण्याला वास येतो म्हणालो. कलाबाईने ग्लास उचलून वास घेतला. मग हॉलमध्ये वारा नाही म्हणालो, तर बहिरूने उठून खिडकी उघडली आणि टेबलावरचे कागद उडाले. ते कागद मीच गोळा केले आणि विषय बदलला.

रविवार, १४ फेब्रुवारी

आज बहिरूला सहकुटुंब मखमलाबादला बोलावलं. या घराबद्दल इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नव्हतो. विहिरीचं पाणी, पेरूचं झाड, शेजारच्या मळ्यातला झेंडू, पहाटेची हवा. "कोरोनाच्या दिवसांत मोकळी हवा हेच औषध," असंही म्हणालो. हे मी कुठेतरी वाचलं होतं. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, रोग गेल्यातच जमा आहे.

बहिरू ऐकत होता. मध्येच म्हणाला, "दादा, तुला इथून हलायला जमेल? अण्णा इथंच गेले."

मी म्हणालो, माझं काय रे, मी कुठेही राहीन. हे बोलताना मला चष्मा काढून पुसावा लागला. असं काही ठरवून करता येत नाही.

रविवार, २१ फेब्रुवारी

पुन्हा फ्लॅट. आज बिल्डिंगमधल्या माणसांवर बोललो. एवढी कुटुंबं एकाच जिन्याने चढतात-उतरतात, एकच कठडा सगळे धरतात, एकाला झालं की सगळ्यांना.  कलाबाई दिंडोरीकडची, कमी बोलते. आज एवढंच म्हणाली, "दादा, तुम्हाला आमचं घर लय आवडत नाय वाटतं." बहिरूने तिला डोळ्याने गप्प केलं. मला वाईट वाटलं, पण काम होत आलंय असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, म्हणून दोन्ही लिहिलं.

रविवार, २८ फेब्रुवारी

झालं!

देवापुढे दोन विडे ठेवले होते, एक घराचा, एक फ्लॅटचा. बहिरू पाटावर बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुला फ्लॅट नक्की चालंल ना? मन खाणार नाय ना नंतर?" मी म्हणालो, "तू माझा विचार करू नकोस." त्याने लगेच घराचा विडा उचलला. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. कलाबाई उठून आत गेली.

चार रविवारांत काम फत्ते. माणूस बोलायला शिकला की काहीही होतं. बहिरू लहानपणापासूनच भोळा. त्याला आता वर्कशॉपला जायला पाऊण तास लागेल. मुलीची शाळा सध्या मोबाइलवरच आहे, त्यामुळे तिचा प्रश्न नाही.

सुवर्णा मात्र घुश्शात आहे. "तुम्ही मला न विचारता माझं स्वयंपाकघर दिलंत," म्हणाली. तिला अजून मेट्रो दिसत नाही.

रविवार, २१ मार्च

सामान हलवलं. आमचं इकडे, त्यांचं तिकडे. एकाच टेम्पोच्या जाऊन-येऊन खेपा झाल्या. गॅलरीत उभं राहिलं की चौक दिसतो. मी मनातल्या मनात तिथे खांब उभे केले. रविराज येऊन बघून गेला आणि "काका, घाई करू नका, पिकू द्या," म्हणाला.

गावात कोरोना पुन्हा वाढतोय म्हणतात.

मंगळवार, ६ एप्रिल

सोसायटीने लिफ्ट बंद केली. बटणाला सगळ्यांचे हात लागतात म्हणून. चार मजले चढताना सुवर्णा प्रत्येक वळणावर थांबते आणि माझ्याकडे बघते. 

बुधवार, १४ एप्रिल

तिसऱ्या मजल्यावर दोघं पॉझिटिव्ह निघाले. महापालिकेने फाटकावर बांबू बांधले. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. टाकीत क्लोरीन इतकं टाकलंय की पाण्याला खरोखरच वास येतो.

समोरच्या निसारभाईंच्या पत्नी हुस्नबानोंनी रोजा असताना आमच्यासाठी खिचडी पाठवली. आजपर्यंत मी त्यांच्याशी दोन वाक्यं बोललो नव्हतो. बहिरू इथे तीन वर्षं राहून त्यांच्याकडे ईदला काय काय खाऊन आलाय ते मला आज कळलं.

सोमवार, १९ एप्रिल

ताप.

शनिवार, २४ एप्रिल

बोटाला लावायचं यंत्र एक्क्याण्णव दाखवतं. मोजमापात माझं आयुष्य गेलं, पण एका आकड्याला असा कधी घाबरलो नव्हतो. दवाखान्यात जागा नाही. बहिरू सकाळ-संध्याकाळ मखमलाबादहून डबा आणून फाटकावर ठेवतो आणि निसारभाई तो वर आणतात. काल बहिरूने खालून हाक मारली. मी गॅलरीत गेलो. तो बांबूपलीकडे उभा होता, मास्क घालून. "दादा, पालथा झोप. पालथं झोपलं की वर जातं," असं ओरडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी हात हलवला आणि आत येऊन रडलो.

गुरुवार, ६ मे

त्र्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. बिल्डिंगचे बांबू काढले. बहिरूने कुणाची तरी गाडी आणून आम्हाला मखमलाबादला नेलं. मी माझ्याच जुन्या खोलीत पाहुणा म्हणून झोपलोय.

रविवार, १६ मे

पेरूखाली खाट टाकून पडतो. बहिरूचं वर्कशॉप बंद झालं, मालकानेच सांगितलं की आता उघडणार नाही. त्याने इथले दहा गुंठे नांगरून झेंडूसाठी तयार केलेत. शेजारच्या मळेवाल्या मल्हारीकडून शिकतोय म्हणे. कलाबाईला येतंच सगळं. हातात खुरपं आलं की ती बोलायलासुद्धा लागते.

आज रविराजचा फोन. तब्येत विचारली आणि मग म्हणाला, "काका, तुमच्या भावाचं ते मखमलाबादचं द्यायचंय का? मुंबईचं गिऱ्हाईक आहे. घरूनच काम, गाडीबिडी लागत नाही. आता कुणी स्टेशन विचारत नाही, सगळे अंगण विचारतात." मी विचारलं, आणि मेट्रो टच? तो म्हणाला, "सध्या जिना टच आहे ना काका, लोक घाबरतात. थोडे दिवस जाऊ द्या."

खाटेवर पडल्यापडल्या नजरेने अंगण मोजलं. उगाचच.

रविवार, २० जून

फ्लॅटवर परतलो. लिफ्ट सुरू झाली, फक्त आता ती खरोखरच खडखडते.

निसारभाई गप्पा मारायला आले. बोलता बोलता म्हणाले, "बहिरूभाई गेला, आमची बिल्डिंग सुनी झाली. बजेटच्या दुसऱ्याच दिवशी पेपर घेऊन माझ्याकडे आला होता. मला म्हणाला, बघा, आपल्या चौकात मेट्रो येणार, आता ह्या फ्लॅटला सोन्याचा भाव. लई खूश होता. मग तुम्ही एका रविवारी जेवायला येऊन गेलात न् तो गप्पच झाला."

म्हणजे बहिरूला माहीत होतं! माहीत असूनही त्याने घर उचललं. माझ्या बोलण्यात एवढी ताकद असेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. सुवर्णाला हे कौतुकाने सांगितलं तर "तुम्हाला खरंच कळत नाही का हो?" म्हणाली. काय कळत नाही ते मात्र सांगितलं नाही.

मंगळवार, १ फेब्रुवारी २०२२

आज बजेट. मी दिवसभर टीव्हीसमोर. सुवर्णा म्हणाली, आज बसून ऐकताय वाटतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर २०२३

बहिरू दिवाळीच्या फुलांची टोपली घेऊन आला. यंदा माल चांगला गेला. मुलीला सायन्सला घातलंय, ते फुलांवरच. चौकात खांब नाही. निवृत्त होऊन मला सहा महिने झाले, मी रोज फिरायला तिथवर जातो. कुणीतरी खड्डा खणत होतं म्हणून धावत गेलो, तर ते केबलवाले निघाले.

सोमवार, १७ जून २०२४

रविराज भेटला. कुंभमेळ्यासाठी तिकडचे रस्ते मोठे होणार म्हणतात, मखमलाबादच्या जागांना हात लावता येत नाही. बहिरूच्या वाट्याचे आज माझ्या वाट्याच्या अडीच पट होतात. फ्लॅटचं विचारलं तर म्हणाला, "काका, मेट्रो आता नव्याने अभ्यासायला घेतलीय."

मला हाव नाही. पण वाटणी म्हणजे समान हवी, हे कुणीही मान्य करेल. शिवाय आजारपणापासून मला जिन्याने धाप लागते आणि लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद असते. मोकळी हवा माझ्या फुप्फुसांना हवी आहे. हे मी पूर्वीच म्हणालो होतो.

रविवार, ३० जून

बहिरूकडे गेलो. तो ओट्यावर बसून पंपाची मोटर उघडत होता. कलाबाई सुपात तांदूळ निवडत होती. मी नेहमीसारखा मोकळेपणाने बोलायला लागलो. घर जुनं झालंय, कौलं गळत असतील, पावसात इथे साप निघतात, रस्ता चिखलाचा, मुलीला कॉलेज लांब. बहिरू ऐकत होता. मग त्याने हात पुसले.

"दादा, तुला घर पाहिजे का?"

"छे! असं कोण म्हणालं?"

"तुला जे पाहिजे असतं त्यालाच तू नावं ठेवतो. अण्णा दोन शर्ट आणायचे, तुला पाहिजे त्याला तू म्हणायचा, रंग जाईल ह्याचा. मी दुसरा घ्यायचो. फ्लॅटच्या टायमाला लिफ्टला शिव्या द्यायला लागला, तेव्हा पहिल्याच रविवारी कळलं मला."

मी म्हणालो, "मग तू फ्लॅट का नाही उचललास?"

"तुला पाहिजे होता ना. तू मागितला असता तरी दिला असता. पण तुला मागता येत नाय, दादा." तो हे रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो सरळ बोलत होता. मग म्हणाला, "घर कधी पाहिजे?"

कलाबाईचा सुपातला हात थांबला.

मी म्हणालो, "गंमत केली रे."

"बरं," बहिरू म्हणाला. हसला नाही.

सोमवार, १ जुलै

चार रविवार मी काय काय बोललो ते आठवतंय. त्याने तीन वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही. आणि मी त्याला भोळा म्हणत होतो, या वहीत तसं लिहूनही ठेवलंय. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

सुवर्णा मखमलाबादला जाऊन आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "भाऊजींनी यंदा झेंडू लावलाच नाही. जमीन नांगरून नुसती ठेवलीय. मी विचारलं तर कलाबाई म्हणते, जागा कुणाला कधी लागंल सांगता येत नाय, उभं पीक मोडायला नको. तुम्ही काय बोलून आला होतात?"

मी सगळं सांगितलं. तीनशे चाळीस पावलांपासून. सांगायला फार वेळ लागला नाही. तिने माझं ताट वाढलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन बसली.

दसऱ्याच्या फुलांसाठी रोपं जुलैत लावावी लागतात. ते गेलं. आता लावली तर दिवाळी मिळेल, तीसुद्धा आठवड्याभरात लावली तर. मल्हारीला फोन करून विचारलं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सकाळीच मखमलाबादला गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो, सगळं गोल गोल होत होतं. बहिरू नांगरलेल्या वावरात उभा होता. मी बांधावरूनच म्हणालो, "बहिरू, मला घर पाहिजे होतं. हाव सुटली होती. आता नकोय. हे घर तुझं. गंमत नाही. रोपं लाव."

तो जवळ आला. "खरं ना, दादा? एकदा लावली की दिवाळीपतुर हलता येत नाय."

"खरं. दिवाळीनंतरही हलायचं नाही."

 मला वाटलं तो आता गळ्यात पडेल. तेवढ्यात कलाबाई दारातून म्हणाली, "दादा, कागदावर लिहून द्याल का?"

"अगं, दादा आहे तो!" बहिरू तिच्यावर ओरडला. त्यांचं लग्न झाल्यापासून मी त्याला तिच्यावर ओरडताना पाहिलं नव्हतं. ती जागची हलली नाही. पदर खोचलेला, हात मातीचे, आणि नजर माझ्यावर.

मी म्हणालो, तिचं बरोबर आहे. मुलीने वहीचा कागद आणून दिला. ओट्यावर बसून लिहिलं की मखमलाबादचं घर व जमीन वाटणीने माझा भाऊ बहिरू याची आहे, ती मी त्याच्याकडे कधीही, कोणत्याही कारणाने, सरळ किंवा आडून मागणार नाही. 'आडून' हा शब्द लिहायला वेळ लागला. सही केली.

बहिरूने कागद हातात घेतला आणि न वाचताच घडी घालायला लागला. कलाबाईने तो त्याच्या हातातून काढून घेतला, दोनदा वाचला, आणि मग मला चहाला थांबा म्हणाली.